खालचा पाव भाग

ते पत्र दोन पानांचं होतं आणि मी त्यातली फक्त शेवटची ओळ वाचली.

माझी बाजू आधी सांगते. जुन्या टेपा घेऊन येणारं माणूस फार बोलतं. समारंभ कुणाचा, त्यात मावशी कुठली, मावशीची नणंद कुठली, मामा पुढे कसे अचानक गेले, हे सगळं सांगून झाल्याशिवाय हातातली टेप सोडत नाही. लिहून आणणारे त्याहून कठीण, नमनालाच घडाभर तेल. म्हणून मी सवयच लावून घेतली होती, चिठ्ठी खालून वर वाचायची. माणसाला खरं काय हवंय ते नेहमी शेवटी असतं. इथे शेवटी लिहिलं होतं, "पडदा पूर्ण भरलेला हवा. बाजूला काळ्या पट्ट्या नकोत." खाली दोन रेघा मारलेल्या. मला तेवढं पुरलं.

वर काय लिहिलं होतं ते आता मला पाठ आहे. लपवाछपवी माझ्याच्याने होत नाही, तेव्हा इथेच सांगून टाकते.

"मला आणि माझ्या मिस्टरांना जन्मापासून ऐकू येत नाही," असं पत्र सुरू होत होतं. "मिस्टर आता नाहीत. ते हातांनी गोष्टी फार सुंदर सांगत. आमची लेक सहा वर्षांची असताना ते कामासाठी वर्षभर लांब गेले. जाण्याआधी तिच्यासाठी एक गोष्ट या टेपवर सांगून ठेवली. लेकीला ऐकू येतं. तिची मुलगी मात्र माझ्यासारखी आहे. नात सात वर्षांची आहे. शाळेत मुलं तिच्या हातवाऱ्यांची नक्कल करून हसतात. चार महिने झाले, ती हात खिशात घालून बसते. माझ्याशीसुद्धा बोलत नाही. मला बोलायला दुसरी भाषा नाही. तिने आजोबांना हातांनी बोलताना बघावं असं वाटतं. छोटे नाही, मोठे. बातम्या सांगणारी माणसं टीव्हीवर दिसतात तेवढे मोठे." आणि मग ती शेवटची ओळ.

पाच मिनिटांचं वाचन होतं. तेवढं केलं असतं तर मला ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

आमचं दुकान म्हणजे दोन खोल्या. बाहेर काउंटर आणि माझे दीर, आत मशिनं आणि मी. भाऊजी निवृत्त झाल्यावर दिवसभर घरात बसून जावेच्या स्वयंपाकात खोड्या काढायला लागले, तेव्हा जावेनेच हात जोडले, "ताई, यांना दुकानात न्या, नाहीतर मला तरी न्या." मी त्यांना नेलं. माणूस मनाचा चांगला आहे, पण पावती फाडताना समोर कोण उभं आहे हे बघत नाही. त्या दिवशीही नाही बघितलं. "पत्रवाल्या बाई आल्या होत्या," टेप माझ्यासमोर ठेवत म्हणाले. "भारी शिष्ट. तोंडातून एक शब्द काढला नाही. पत्र ठेवलं, पावती घेतली, गेल्या."

आता थोडं धंद्याचं सांगते, कारण त्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही. जुना टीव्ही जवळजवळ चौकोनी होता. रुंदी चार तर उंची तीन. आताचा आडवा असतो, सोळास नऊ. जुनं चित्र नव्या पडद्यावर बसवायला वाटा तीनच. एक, चित्र आहे तसं मध्ये ठेवायचं, मग डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या उरतात. दुसरी, ते आडवं ताणायचं, मग गाडीची चाकं अंड्यासारखी दिसतात आणि सगळं घराणं वजन वाढवून आल्यासारखं वाटतं. तिसरी, चित्र रुंदीला पुरेल इतकं मोठं करायचं आणि वर-खाली जे बाहेर जाईल ते कापायचं. यात चित्राचा पाव भाग जातो. तो वरून जाऊ द्यायचा की खालून, एवढंच आपण ठरवायचं.

मी पट्ट्यांच्या बाजूची. चादर एका माणसाची आणि पलंग दोघांचा असेल तर कडेला पलंग दिसणारच, त्यात लाजायचं काय? वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांशी भांडले. "एवढा मोठा टीव्ही घेतला तो काय काळं बघायला?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही उत्तर देईन. शेवटी भाऊजी म्हणाले, "वहिनी, लोकांना हवं ते द्या. तत्त्वं घरी ठेवा."

"घरी तुमचे भाऊ आहेत," मी म्हटलं, "तिथे तत्त्वांना जागा कुठली?"

पण मी हरले होते. आणि माझा स्वभाव असा, की हरले की रागाने दोन पावलं जास्तच मागे जाते. कापायचंच ना? घ्या कापून. मी एक डबा आणला. तो व्हीसीआर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये लावायचा. टेप चालू असतानाच तो चित्र मोठं करतो, कापतो आणि कापलेलंच पुढे पाठवतो. आधी सगळं उतरवून घ्या, मग बसून कापा, हा अर्ध्या दिवसाचा खेळ वाचतो. मी ज्या मास्तरांच्या हाताखाली शिकले ते टीव्ही केंद्रात चाळीस वर्षं होते. ते म्हणायचे, "पोरी, आधी आहे तसं सगळं उतरव. कापायला जन्म पडलाय." मास्तर असते तर त्यांनी तो डबा माझ्या डोक्यात घातला असता.

डब्याला मी एकदाच सांगून ठेवलं होतं, वरचं ठेव, खालचं सोड. डोकं वाचवायचं, पोट जाऊ द्यायचं. पाच वर्षांत एकाही माणसाने तक्रार केली नाही. पोटासाठी कोण भांडायला येतं?

पत्रवाल्या बाईंच्या टेपला बुरशी लागली होती. खोललं तर आत पांढरे ठिपके, आणि फीत इतकी जुनी की बोट लागलं तरी तपकिरी भुकटी उतरत होती. दोन दिवस बसून ती मी हाताने पुसली. या कामात माझा हात बरा आहे, तिथे मी कुणाला ऐकायची नाही. भाऊजींना सांगून ठेवलं, "ही एकदाच धावणार. पुन्हा धावली तर आपलं नशीब." तोंडाने हे म्हणत होते आणि हाताने त्याच मशिनात टेप सरकवत होते, ज्याच्या पुढे डबा जोडलेला होता. त्या महिन्यात आधीच्या पन्नास टेपा तशाच गेल्या होत्या, ही एक्कावन्नावी.

सोमवारी सकाळी अकराला सुरू केली. माझ्या टेबलावर दोन पडदे असतात. डावीकडे एक जुना चौकोनी टीव्ही, तो सरळ व्हीसीआरला जोडलेला, टेप नीट धावते का ते बघायला. समोर मोठा आडवा, त्यात डब्यातून कापून आलेलं चित्र दिसतं आणि तेच साठवलं जातं. डावीकडे मी पहिली दहा सेकंदं बघते. चित्र फडफडलं नाही, की झालं.

चित्र सुरेख आलं. चाळिशीचा माणूस, अंगात स्वेटर, टेबलामागे बसलेला, पाठीमागे खिडकी. आवाज नाही. मी आवाज वाढवला. नाही. वायर काढून लावली. नाही. दुसरी वायर लावली, तिला दोन शिव्या घातल्या, तरी नाही. टेपवरचा आवाजच मेलाय असं मी ठरवून टाकलं. मग माझा राग कॅमेरा धरणाऱ्यावर गेला. माणसाचं डोकं वरच्या कडेला टेकलेलं आणि खाली टेबलापर्यंत नुसती मोकळी जागा. कुठल्या अडाण्याने हे धरलंय, असं मी चक्क मोठ्याने म्हटलं. बरं झालं आपला डबा आहे, निदान चित्र तरी सुधारेल.

समोरच्या पडद्यावर तो माणूस बोलत होता. म्हणजे ओठ हलत होते, गाल फुगत होते, भुवया वर जात होत्या, आणि मधूनच तो दोन बोटं डोक्याला लावायचा. सारखं डोकं काय खाजवतोय, असं मला वाटलं. डावीकडच्या छोट्या पडद्यावर त्याचे हात चाललेले मला कडेने दिसत होते. दिसत होते, हे मी नाकारत नाही. पुढाऱ्यासारखे हातवारे करतोय, इतकाच विचार मी त्यावर केला. उलट माझ्या चांगुलपणाला भरती आली. बिचाऱ्या बाईंच्या नवऱ्याचा आवाज गेलाय, तर आपण खाली मंद संगीत टाकून देऊ, तेवढंच न मागता दिल्यासारखं. त्यासाठी मी कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या खिडकीत सूरसुद्धा निवडायला लागले.

तेवढ्यात पाठीमागे कुणीतरी आलं. भाऊजी चहाला गेले होते. आमच्या आतल्या खोलीत गिऱ्हाईक आलेलं मला खपत नाही, धूळ येते. मान न वळवता मी म्हटलं, "बाहेर थांबा." पावलं पुढे आली. मी आवाज चढवला, "अहो, आत यायचं नाही." तरी पुढेच. मग मी खुर्ची फिरवून, चांगली ओरडूनच म्हटलं, "ऐकू येत नाही का?"

साठी ओलांडलेल्या बाई. हातात कापडी पिशवी, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या डावीकडच्या छोट्या टीव्हीकडे बघत होत्या आणि हसत होत्या, घरात कुणी खूप दिवसांनी आल्यावर हसतो तसं. मग त्यांची नजर समोरच्या मोठ्या पडद्यावर गेली. हसू थांबलं. पुन्हा डावीकडे बघितलं, पुन्हा समोर. त्या पुढे आल्या, मला ओलांडून हात लांब केला आणि पडद्याच्या खालच्या कडेवरून बोटं फिरवली. कडेच्या खाली टेबलावरसुद्धा चाचपून बघितलं, काही सांडलंय का बघावं तसं. मग माझ्या खांद्यावर थाप मारली. स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि मान हलवली. दोन्ही तळवे छातीसमोर धरले, छोट्या टीव्हीतल्या माणसाच्या हातांकडे बोट केलं, आणि मग मोठ्या पडद्याकडे, जिथे ते हात नव्हते.

माझी पाचावर धारण बसली. मी बटण दाबून टेप थांबवली. एकवीस मिनिटं झाली होती.

मी मघाशी काय ओरडले होते ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. तेवढीच माझ्यावर मेहेरबानी झाली. मला मात्र ऐकू आलं होतं, आणि ते अजून येतं.

त्यांनी पावतीला टाचलेल्या पत्राकडे बोट केलं. मी ते त्यांच्यासमोर वाचलं. वरून खाली, एकेक ओळ. दुसऱ्या पानावर मला चष्मा पुसावा लागला. बाई उभ्याच होत्या. मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. पिशवीतून पेन काढून त्यांनी पत्राच्या पाठीमागे लिहिलं, "मागे घेऊन पुन्हा?"

मी मशीनचं झाकण उघडलं आणि आतून कापूस फिरवून त्यांना दाखवला. तपकिरी झाला होता. ती भुकटी म्हणजेच चित्र असतं. मी लिहिलं, "गेलेलं परत येईल असं वाटत नाही. पुढची एकोणीस मिनिटं अजून आहेत. आधी ती वाचवते. मग मागे जाऊन प्रयत्न करते." आणि खाली लिहिलं, "चूक माझी आहे. पत्र वाचलं नाही."

त्यांनी ते वाचलं. खुर्ची ओढली आणि बसल्या.

डबा मी वायरींसकट उपटून खाली ठेवला. व्हीसीआर सरळ जोडला. लिहिलं, "आता काळ्या पट्ट्या येतील." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझ्या सासूबाई आठवल्या. मी मुकाट्याने टेप सुरू केली.

आणि मग मी ती एकोणीस मिनिटं बघितली. पूर्ण बघितली, हातांसकट. मला त्यांची भाषा येत नाही, पण तो माणूस असा सांगत होता की दगडालाही कळावं. डोक्याला दोन बोटं लावली की बकरी. मी ज्याला खाजवणं म्हणत होते ती बकरीची शिंगं होती. बकरी शाळेच्या छपरावर उभी आहे. खाली सगळा गाव जमलाय. कुणी पाला दाखवतंय, कुणी दगड उचलतंय, हेडमास्तर हात जोडतायत. शिडी आणतात. शिडीवर कोण चढणार यावर भांडण, आणि शेवटी गावातला सगळ्यात जाडा माणूस चढतो. एकेक पायरी, शिडी वाकतेय, आणि बोटांवरून कळत होतं की पायरी वाकतेय. तो वर पोचतो, आणि बकरी त्याच शिडीने टकटक खाली उतरून निघून जाते. जाडा वरच राहतो. मग गाव त्याला पाला दाखवतो.

मी मोठ्याने हसले. बाजूला बघितलं तर बाईंची बोटं मांडीवर त्याच्याबरोबर हलत होती. गोष्ट संपल्यावर त्यांनी पेन घेतलं आणि लिहिलं, "डोकं इतकं वर का धरलं ते कळलं ना? हातांना जागा हवी म्हणून. कॅमेरा मी धरला होता."

अडाणी कोण होतं ते मला कळलं. मी तसं लिहून दिलं असतं, पण पेन त्यांच्याकडे होतं.

मग मी टेप मागे घेतली. हळू, हाताने फिरवून, एक तास लागला. सुरू केली. चाळीस सेकंद पडद्यावर नुसते पांढरे ठिपके उडाले, मधे एकदा खिडकीची चौकट दिसल्यासारखी झाली आणि फीत तुटली. तुटल्याचा आवाज मला आला. बाईंनी माझं तोंड बघितलं आणि त्यांना कळलं.

एक गोष्ट उरली होती. पहिली एकवीस मिनिटं साठवलेली होती, डोकं आणि खांदे शाबूत. चेहऱ्यापर्यंत जाणारे हात त्यात दिसत होते, छातीपाशी राहणारे खाली गळून जात होते. मी ते लावून दाखवलं. बाईंनी अर्धं मिनिट बघितलं आणि बंद करायला सांगितलं. लिहिलं, "अर्धे शब्द दिसतात. नातीला वाटेल आजोबा अडखळतात. ते कधीच अडखळत नव्हते. पुसून टाका."

मी पुसलं.

भाऊजी एव्हाना चहावरून आले होते, त्यांना सगळं कळलं, तेव्हा म्हणाले, "वहिनी, पावतीवर छापलंय, जुन्या टेपेची जबाबदारी आमची नाही." त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते ऐकून ते दोन दिवस माझ्याशी पावतीपुरतंच बोलत होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "मी त्या बाईंना शिष्ट म्हणालो." मी म्हटलं, "मी त्याहून वाईट बोललेय." मग आम्ही दोघांनी चहा घेतला.

मी बाईंना लिहून दिलं होतं, की गोष्ट आधी इथे, दुकानातल्या टीव्हीवर दाखवते, मग घरी न्या. कारण दिलं, पडदा मोठा आहे, काही बिघडलं तर जागच्या जागी दुरुस्त करीन. खरं कारण वेगळं होतं. घरी जाऊन त्या मुलीने तोंड फिरवलं असतं तर ते मला दिसलं नसतं, आणि ते मला दिसायला हवं होतं.

शनिवारी सकाळी त्या नातीला घेऊन आल्या. कानामागे ऐकण्याचं मशीन, अंगात निळं जाकीट, दोन्ही हात जाकिटाच्या खिशात कोपरापर्यंत खुपसलेले. मी खुर्ची दाखवली, बसली. भाऊजींनी बिस्किटांची बशी पुढे केली. तिने बशीकडे बघितलं, हात काढले नाहीत, मान हलवून नको म्हणाली. बिस्किटासाठी ज्या पोराचा हात खिशातून निघत नाही त्याला काय दाखवणार आहोत आपण, असं माझ्या मनात आलं.

मी गोष्ट लावली. आजोबा मधोमध, डोक्यापासून टेबलापर्यंत अख्खे, दोन्ही बाजूंना काळं. सुरुवात अर्थातच मधूनच होती. बकरी छपरावर उभी. मुलगी पहिल्यांदा पाय हलवत बसली होती. गाव जमला तेव्हा पाय थांबले. हेडमास्तरांनी हात जोडले तेव्हा ती पुढे सरकली. जाडा माणूस शिडीवर चढायला लागला तेव्हा हसली, मोठ्याने, आणि हसू आलं म्हणून दचकून आजीकडे बघितलं. आजी पडद्याकडेच बघत होती. हात मात्र खिशातच होते. पाला दाखवून झाला, चित्र संपलं, पडदा काळा झाला, तरी खिशातच.

मला वाटलं, झालं. जे नुकसान करायचं होतं ते मी आधीच करून ठेवलंय.

मुलीने आजीला कोपराने ढोसलं. आजीने बघितलं. मुलीने भुवया वर केल्या आणि पडद्याकडे हनुवटी केली. आजीने न कळल्यासारखं केलं. पुन्हा कोपर, पुन्हा हनुवटी. आजीने हाताची घडी घातली. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, असं ढिम्म राहणं मला सात जन्मात जमलं नसतं.

मुलगी वैतागली. जाकिटाची चेन अर्धी ओढली गेली आणि दोन्ही हात बाहेर आले. डोक्याला दोन बोटं. मग दोन्ही तळव्यांचं उतरतं छप्पर. मग तळवे उलटे उघडून, खांदे वर. तीनच खुणा. तिन्ही मला कळल्या, त्या एकोणीस मिनिटांनी शिकवल्या होत्या. बकरी छपरावर गेली कशी?

बाईंची घडी सुटली. त्यांनी हात वर केले आणि ते तसेच हवेत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच मला त्या घाबरलेल्या दिसल्या. पेन काढून भरभर लिहिलं, "ते दर वेळी वेगळं सांगायचे. या टेपेत कसं सांगितलं होतं ते मला आठवत नाही."

ते एकाच माणसाला माहीत असायला हवं होतं, मला. त्या सोमवारी सकाळी टेपेतला तो माणूस सगळं माझ्यासमोर बसून सांगत होता. एकवीस मिनिटं. तो शेवटचा सांगत होता आणि समोर मी एकटी होते, आणि मी त्याचं डोकं वाचवत होते. मला खरोखर रडू आलं.

मुलगी उत्तरासाठी माझ्याकडे बघत होती. तिला कागदावर लिहून देणं मला भेकडपणाचं वाटलं. मी स्वतःकडे बोट केलं. दोन बोटांची कात्री केली, पडद्याकडे नेली आणि कापून दाखवलं. मी कापलं. तिने माझ्या बोटांकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, मग आजीकडे. आजीने मान हलवली, हो.

मला वाटलं ती रागावेल. तिने एक मोठा सुस्कारा टाकला, भाऊजी कॉम्प्युटरवर चुकीचं बटण दाबतात तेव्हा मी टाकते तसाच. मग खुर्चीतून उतरली, आमच्या दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली, जाकीट काढून खुर्चीवर टाकलं आणि डोक्याला दोन बोटं लावली.

ती सांगायला लागली. बकरी होती. तिच्यामागे कुणीतरी लागलं, बहुतेक कुत्रा. मग काहीतरी उंच आलं, झाड की भिंत. बाई दोन्ही हात तोंडावर धरून बघत होत्या. भाऊजी दारात उभे राहून बघत होते. मला झाडापर्यंत कळलं, पुढचं सुटलं. छपरावर पोचल्यावर ती थांबली आणि थेट माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. कळलं का?

मी मान हलवून नाही म्हटलं.

तिने बिस्किट उचललं, अर्धं खाल्लं, हात खुर्चीवरच्या जाकिटाला पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. या वेळी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं.